चढ, ऊन आणि आपली सही

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा लसीकरणावर लिहावे असे प्रथम मनात आले होते. परंतु त्या विषयावर मी पूर्वी लिहिले आहे. या वेळी, काही वर्षे मनात सलत असलेली एक गोष्ट आपणा सर्वांपुढे ठेवावी असे वाटते. ती धावण्याविषयी आहे आणि आपल्या व्यवसायाविषयीही आहे.

मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी धावू लागलो. दिवसभर दवाखान्यातील खुर्चीवर बसून रक्तातील साखर सीमारेषेवर आली होती. निपाणीच्या आसपास सपाट रस्ता शोधावाच लागतो. त्यामुळे चढाशी ओळख आपोआप झाली. पुढे साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये भाग घेतला. २०१२ साली सुरू झालेली ही शर्यत यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि त्याच वाटेने परत येते. अंतर एकवीस किलोमीटर. पहिल्याच वर्षी घाटात उत्साहाने पुढे गेलो आणि परतीच्या उतारावर मांड्यांनी असहकार पुकारला. डोंगर चढताना फुप्फुसांची आणि उतरताना मांडीच्या स्नायूंची परीक्षा घेतो, हे पुस्तकात वाचले होते. ते त्या दिवशी समजले.

चढाचा आणखी एक धर्म आहे, तो उन्हात कळतो. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यापैकी जेमतेम पाव हिस्सा हालचालीसाठी उपयोगी पडतो; बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणे. सपाटीवर आपल्याच वेगाने अंगाला वारा लागतो आणि घाम वाळतो. चढावर वेग निम्मा होतो, श्रम मात्र तेवढेच राहतात. म्हणजे भट्टी पूर्ण पेटलेली आणि खिडकी अर्धी मिटलेली. त्यात डोंगराआड हवा पडलेली असेल, तर घाम नुसता निथळत राहतो. अंग थंड होत नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो. २०२२ सालच्या एप्रिल महिन्याच्या शेवटी आपल्या सीमाभागातील एका गावी डोंगरावरच्या देवळापर्यंत जाऊन परत येण्याची शर्यत होती. गावाचे व आयोजकांचे नाव घेत नाही. कोणाकडे बोट दाखवण्याचा हेतू नाही. मीही स्पर्धक होतो. शर्यत सकाळी सहाला सुटणार होती. प्रमुख पाहुणे साडेसातला आले. मग सत्कार झाले, हार-नारळ झाले, भाषण झाले. भाषणात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचा उल्लेख आला. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये या आपल्या माणसाने मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला, हे ऐकताना ऊर भरून येतो. त्या दिवशी अँटवर्पची हवा थंड व पावसाळी होती, हे मात्र भाषणात कोणी सांगत नाही. त्याआधी आठ वर्षे, १९१२ साली स्टॉकहोमची मॅरेथॉन कडक उन्हात झाली. सुरुवात करणाऱ्या ६८ जणांपैकी सुमारे निम्मेच शेवटपर्यंत पोहोचले आणि पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळून दुसऱ्या दिवशी मरण पावला.

पावणेआठला झेंडा हलला. पहिले पाच किलोमीटर उसाच्या फडांमधून होते, तेथे बरे वाटले. पुढे डोंगर सुरू झाला आणि सावली संपली. मी वेग सोडून दिला, चढ चालतच चढलो, देवळापाशी डोक्यावर पाणी ओतून घेतले आणि सावकाश उतरू लागलो. पायथ्याशी येतो तो एक मुलगा वेडावाकडा धावताना दिसला. हाक मारली तर काहीतरी असंबद्ध बोलला आणि रस्त्याच्या कडेला पडला. जवळ जाऊन पाहिले आणि माझे पाय गळाले. तो माझाच पेशंट होता. जन्मापासूनच्या त्याच्या सर्व लसी माझ्या हातच्या. वय सोळा, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला.

रुग्णवाहिका जवळच होती. काखेत थर्मामीटर लावला, तो १०१ दाखवत होता. तेथील मुलांचा आग्रह होता की सलाईन लावून लगेच हलवू या. मी गुदमार्गाने तापमान घेतले, ते १०६.४ निघाले. मोठे रुग्णालय पाऊण तासाच्या अंतरावर होते. रस्त्याला लागून एका शेतकऱ्याचा हौद होता आणि सुदैवाने त्या वेळी थ्री-फेज वीज असल्याने मोटार चालू होती. त्या शेतकऱ्याने व त्याच्या मुलाने मदत केली. आम्ही त्या मुलाला गळ्यापर्यंत हौदात धरले, डोक्यावर मोटारीच्या पाण्याची धार सोडली आणि वीस-बावीस मिनिटे तसेच धरून राहिलो. तापमान १०२ वर आले तेव्हा त्याने डोळे उघडून आईला हाक मारली. मग त्याला हलवले. दोन दिवस यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या होत्या, सीपीके बरेच वाढले होते. पाचव्या दिवशी तो चालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात त्याची आई भेटली. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. एवढेच म्हणाली, “डॉक्टर, तुमी सही केलासा म्हणून सोडलो बघा त्याला.”

सही मी केली होती. शर्यतीच्या आदल्या गुरुवारी, ओपीडीच्या गर्दीत, ‘वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त’ या छापील वाक्याखाली. छातीला स्टेथोस्कोप लावला होता. विचारले मात्र काहीच नव्हते. विचारले असते तर कळले असते की परीक्षेमुळे तो दोन महिने धावला नव्हता, रात्रीची झोप अपुरी होती आणि त्याच आठवड्यात त्याला ताप व जुलाब होऊन गेले होते. यांतील एकेक कारणही उन्हात धोका वाढवते. येथे तिन्ही एकत्र होती.

मुलांचे शरीर उष्णतेपुढे मोठ्यांपेक्षा दुबळे असते, असे आम्ही शिकलो. २०११ साली अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने हे मत बदलले. पाणी पुरेसे मिळाले, तर निरोगी मुले मोठ्यांइतकीच ऊन सोसू शकतात. संकट येते ते अतिश्रम, अपुरी विश्रांती, नुकताच होऊन गेलेला आजार आणि सवयीचा अभाव यांमुळे. उन्हाची सवय लागायला दहा ते चौदा दिवसांचा हळूहळू वाढता सराव पुरतो. म्हणजे दोष मुलांच्या शरीराचा कमी आणि आपल्या निर्णयांचा अधिक आहे.

वैद्यकीय बंधुभगिनींना दोन गोष्टी नम्रपणे सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, श्रमजन्य उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो. येथे मेंदूने ठरवलेला ताप नसून साठलेली उष्णता असते. काखेतील थर्मामीटरवर विसंबू नये आणि आधी थंड करावे, मग हलवावे. पहिल्या अर्ध्या तासावर सर्व अवलंबून असते. दुसरी म्हणजे, पाणी पाजण्याचा अतिरेक करू नये. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले. जुलाबाच्या बाळाला नुसते पाणी पाजू नका, असे आपण आयांना रोज बजावतो. तेच शहाणपण येथे लागते. तहानेप्रमाणे प्यावे; तास-दोन तासांहून अधिक श्रम असतील, तर मीठ-साखरेची जोड असावी.

धावू नका, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मोबाईलवर मान वाकवून बसलेल्या पिढीला मराठी आणि कन्नड बोलणारी मुले एका रांगेत उभी राहून डोंगराकडे पाहतात हे दृश्य दाखवावे, असे मला वाटते. शर्यती बंद पडल्या, तर मलाच सर्वाधिक वाईट वाटेल. परंतु जगात मोठ्या शर्यतींनीही उन्हापुढे नमते घेतले आहे. २००७ साली शिकागोची मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्येच थांबवली गेली. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुटली, तरीही ६८ पैकी २८ जणी ती पूर्ण करू शकल्या नाहीत. त्या जगातील निवडक धावपटू होत्या. आपल्या दहावीच्या मुलाने पावणेआठच्या उन्हात डोंगर चढावा आणि कारण काय, तर पाहुणे उशिरा आले!

म्हणून आपल्या संघटनेपुढे चार सूचना ठेवतो. मार्च ते मे या महिन्यांत डोंगरी शर्यत सूर्योदयापूर्वी सुटावी आणि सत्कार-भाषणे बक्षीस समारंभात व्हावीत. पायथ्याशी व शेवटच्या रेषेवर पाण्याचे टब आणि बर्फ तयार असावा. त्याचा खर्च एका फ्लेक्स फलकाहून जास्त नाही. शर्यत पुढे ढकलण्याचा वा थांबवण्याचा अधिकार तेथील डॉक्टरांकडे लेखी असावा. ज्या शर्यतीत या तीन गोष्टी नाहीत, तिला आपल्या सभासदांनी वैद्यकीय सेवा देऊ नये. चौथी सूचना आपल्या स्वतःसाठी. प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत उन्हात सराव केला आहे का? गेल्या आठवड्यात ताप, जुलाब वा उलट्या झाल्या का? पूर्वी कधी धावताना चक्कर आली आहे का, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला आहे का?

हे प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारतो. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाला ‘या वेळी नको, डिसेंबरात धाव’ असे सांगून मी सही नाकारली. त्याचे वडील नाराज होऊन गेले. अर्ध्या तासात आपल्यापैकीच एका डॉक्टरांनी ती सही दिली, असे मागाहून समजले. त्या दिवशी ढग होते, मुलगा सुखरूप परतला. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. २०२२ साली मी तेच केले होते. पण एकट्याने सही नाकारून काही उपयोग नाही, हे मात्र मला तेव्हा पटले. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.