बाईच्या मौनाचा अर्थ कोण लावणार?



शिबिर संपल्यावर आम्ही वीस-पंचवीसजणी अजिंठ्याची लेणी बघायला गेलो. सोळाव्या लेण्यात गाईडने भिंतीकडे बोट केलं. "ही मरणासन्न राजकन्या." मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, मागून एक दासी सावरते आहे. आमच्यातली एक शेतमजूर बाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, ही मरत नाही. हिला कायतरी कळलंय."

तिचं बरोबर होतं. अभ्यासक या बाईला सुंदरी म्हणून ओळखतात. तिचा नवरा नंद, बुद्धांचा सावत्र भाऊ, भिक्खू झाला आणि त्याचा मुकुट घरी परत आला. मुकुट घेऊन आलेला माणूस चित्रात शेजारीच आहे. पाचव्या शतकातल्या चित्रकाराने तिचं दुःख एका शब्दाशिवाय सांगितलं. एकोणिसाव्या शतकात चित्राचं कौतुक झालं ते 'मरणासन्न राजकन्या' म्हणून. शेजारचा मुकुट बाजूला राहिला, नाव तेवढं चिकटलं!

शब्दांवाचून बोलणं आपल्याला कुणी शिकवायला नको. भांडी आपटून, जेवण टाकून, पाठ फिरवून, डोळ्यांनी आपण बोलत आलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यांची ही भाषा आहे. पण तिचा अर्थ लावायचा हक्क मात्र नेहमी दुसऱ्याच्या हाती! हसली म्हणजे तयार, रडली म्हणजे नाटकी, गप्प राहिली म्हणजे संमती. माझं भांडण आहे ते इथे.

मथुरा प्रकरण आठवा. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत! म्हणजे तिच्या शरीरानेच तिच्याविरुद्ध साक्ष दिली म्हणायची. 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. 1980 साली बाया रस्त्यावर उतरल्या. 1983 साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली 'संमती नव्हती', तर न्यायालयाने ते धरून चालायचं.

2013 च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकलं. संमती शब्दांनी असो, खुणेने असो, ती स्पष्ट आणि स्वेच्छेची हवी. नुसता शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येणार नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही हेच आहे. पण त्याच कलमात अपवाद आहे: बायको अठरा वर्षांहून लहान नसेल तर नवऱ्याने केलेला संबंध बलात्कार नाही. म्हणजे बाहेरच्याने तिची नाराजी ओळखायची, नवऱ्याने मात्र तिचा स्पष्ट नकारही ऐकायचं कारण नाही! मंगळसूत्र घातलं की तिची भाषा संपते का? हा अपवाद गेलाच पाहिजे.

आणि आपण? बैठकीत कोपऱ्यात गप्प बसलेलीची सही घेताना 'तिचं काही म्हणणं नाही' असं आपणही लिहितो. मूकबधिर बाईचा जबाब घेताना दुभाषा द्यावा, चित्रीकरण करावं, असं कायदा सांगतो. पण आपल्या सल्ला केंद्रात खुणांची भाषा येणारी एक तरी कार्यकर्ती आहे का? ती नसेल, तर मूकबधिर बहिणीचा अर्थ आपणही अंदाजानेच लावणार. पुढच्या शिबिरात हा विषय घ्याच.

लेण्यातून उतरताना मी त्या बाईला विचारलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "मी तिच्याकडंच बघत होते. गाईडचं ऐकत नव्हते."