काळ्या वाळूचे माहेर

एप्रिल २०२५मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपल्याकडे किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूची चर्चा सुरू झाली. आमच्या पनवेलीत रत्नागिरीकडची मंडळी पुष्कळ. 'काळबादेवीची वाळू काळीच आहे, म्हणजे आम्ही घबाडावर बसलोय!' असे त्यांना वाटते. बँकेच्या नोकरीत तारणाचे मूळ कागद पाहायची मला सवय लागली. वाळूचेही मूळ पाहावे.

१९०९ साली शॉमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले. त्यातले थोरियम तेव्हा गॅसबत्तीच्या मँटलसाठी लागे. दुर्मिळ मृदा धातूही त्यातच असतात. दक्षिणेतल्या अतिप्राचीन खडकांचे डोंगर झिजून हे कण समुद्राला मिळाले होते.

रत्नागिरीचा सह्याद्री मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या काळ्या पाषाणात लोह आणि टायटॅनियम आहे. म्हणून काळबादेवी, मालगुंडच्या वाळूत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट मिळते. साधे लोहचुंबक फिरवले की मॅग्नेटाइट चटकन चिकटते. इल्मेनाइटला प्रबळ चुंबक लागते. पुढे एकेका कणाचे रासायनिक पृथक्करण करून तो कोणत्या खडकातला, हे भूशास्त्रज्ञ ठरवतात. रंग काळा असला तरी केरळच्या वाळूचे आणि आपल्या वाळूचे माहेर वेगळे. मोनाझाइटचे घबाड या लाव्हात नाही.

तरीही आपली वाळू कवडीमोल नाही. इल्मेनाइटमधल्या टायटॅनियमपासून रंगाच्या कारखान्यांना लागणारी पांढरी पूड बनते. तेव्हा उद्या खाणपट्टा मागायला कोणी येऊ शकेल. त्या दिवशी गावाने काय विचारावे?

लाटा हलके कण वाहून नेतात, जड मागे ठेवतात. अशी हजारो वर्षांची ही ठेव आहे. जड कण काढून उरलेली वाळू परत टाकता येते. पण नेलेल्या कणांची भरपाई डोंगर आणि नद्यांनीच करायची. कोकणातल्या नद्या आखूड, त्यांवर धरणे. आमची गाढी नदी माथेरानच्या डोंगरातला गाळ आणते, तो देहरंग धरणातही अडतो.

म्हणून किमतीच्या आधी गावाने हिशेब मागावा: वर्षाला जमा किती आणि उचल किती? त्याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत ग्रामसभेने घाई करू नये. वाळू गेली तर लाटा थेट माडांच्या मुळाशी येतील आणि तो तोटा कोणत्याही पट्ट्याच्या रकमेत भरून निघणार नाही.