आमचं घर कच्चं नाही

गेल्या मे महिन्यात आरोंद्याच्या घरी, ओटीवर, ते घर पाडायचं ठरवायला आम्ही सगळे बसलो होतो. काकांच्या हातात आरसीसी बांधकामाच्या अंदाजाचा कागद होता. "मातयेच्या घराक आणखी किती वर्सां ठिगळां लावतलव?" त्यांनी विचारलं. मी वारसा, ओळख वगैरे बोलायला लागलो. काका हसले. "तू पुण्यात बसान वारसो सांग. हय छपरार कोण चढतलो?"

त्यांचा प्रश्न खरा आहे, त्याच्याकडे येतोच. पण त्या बैठकीत खरं काम एका शब्दाने केलं. चुलतभाऊ म्हणाला, "शेवटी घर कच्चंच ना!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं भांडण त्या शब्दाशी आहे.

हा शब्द सरकारी फॉर्ममधून आला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत भिंत कशाची, असा रकाना होता. माती किंवा न भाजलेली वीट असेल तर घर कच्चं. लाकडाची भिंत असली तरी कच्चंच. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वर्गवारीतही झोपडी आणि मातीचं घर एकाच गटात बसतात. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, असे फॉर्म मीही बनवलेत. ड्रॉपडाउनमध्ये जो पर्याय नसतो, तो व्यवस्थेसाठी जगातच नसतो, हे मला चांगलं माहीत आहे.

आता गंमत बघा. नॉर्वेतलं रोरोस हे लाकडी ओंडक्यांच्या घरांचं जुनं खाणगाव १९८० साली जागतिक वारसा झालं. फिनलंडमधलं जुनं राउमा, सुमारे सहाशे लाकडी इमारती, १९९१ साली. तिथे आजही लोक राहतात, दुकानं चालतात. आपला फॉर्म घेऊन कुणी तिथे गेला, तर दोन्ही गावं कच्ची ठरवून परत येईल.

त्याहून मोठी गंमत म्हणजे, प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराची व्याख्या आहे: वाजवी देखभाल केली तर ऊन-पाऊस आणि रोजचा वापर सोसून किमान ३० वर्षं टिकेल ते. माझे आजोबा १९३८ साली याच घरातल्या काळोख्या खोलीत जन्मले. म्हणजे व्याख्येने पक्कं, रकान्याने कच्चं.

गळक्या झोपडीतून कुणाला सिमेंटचं घर मिळालं, तर मला आनंदच आहे. माती म्हटली की गरिबी, हे समीकरण मात्र मला मान्य नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसाचा अभ्यास आमच्या घरात केलेला दिसतो. जोतं चिऱ्याचं, म्हणजे भिंतीच्या पायाला ओल धरत नाही. छप्पर इतकं खाली उतरतं की पाहुण्यांचं डोकं आपटतं, पण पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही. भोवती पडवी, तिथे जळाऊ लाकडं, नारळ, सायकल. जाड भिंतींमुळे मे महिन्याच्या दुपारीही माजघरात झोप लागते. आणि शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरांवर बघा: स्लॅब गळतो म्हणून दोन-चार वर्षांत वर लोखंडी सांगाडा आणि पत्रा. म्हणजे पक्क्या घराला पुन्हा उतरतं छप्पर! (सातेरीच्या रूपात वारुळाला, म्हणजे मातीलाच, हात जोडणारं आमचं गाव. असो.)

जुनं तेच शुद्ध असंही मी म्हणत नाही. आमच्या छपरावर पूर्वी हाताने थापलेले नळे होते. नंतर मंगळुरी कौलं आली. ती बनवायचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. परदेशी मिशनऱ्यांचा माल. आज आपण त्यालाच 'टिपिकल कोकण' म्हणून स्टोरीवर टाकतो. घर बदलत आलं म्हणून तर टिकलं. वीज आली, न्हाणीघरात फरशी आली, आणखीही येऊ दे.

२०२५ च्या जुलैत बारा किल्ले जागतिक वारसा झाले. त्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आमच्या जिल्ह्यातले. मीही स्टेटस ठेवलं. पण किल्ल्यांच्या आसपास माणसं ज्या घरांत राहिली, त्यांचं काय? १९५८ चा केंद्राचा कायदा शंभर वर्षं जुन्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. आरोंद्यातल्या ओटी-पडवीला तिथे जागा नाही, आणि ती मागण्यात अर्थही नाही. आम्हाला फलक नको. फॉर्ममध्ये 'मातीचं, सुस्थितीत' असा पर्याय हवा, आणि नवं बांधायला पैसे मिळतात तसे दुरुस्तीलाही हवेत.

याची किंमत सरकारला कळत नसली तरी बाजाराला नेमकी कळते. तेरेखोलच्या पलीकडे गोवा. तिकडून एक गृहस्थ आमचा मुख्य दरवाजा आणि चार खांब बघून गेले; हॉटेलात लावायचे होते. घर कच्चं, पण दरवाजाला रोख पैसे! काकांनी नकार दिला. का, ते सांगितलं नाही.

राहिला छपरावर चढण्याचा प्रश्न. आमच्या वाडीत कौलं परतणारे दोघेच उरलेत, त्यातल्या एकाचे गुडघे गेलेत. यंदा मे महिन्यात मी दोन आठवडे रजा टाकली आहे. दुसऱ्याने सांगितलंय, पहिल्या दिवशी वर यायचं नाही, खाली उभं राहून कौलं द्यायची. काकांना हे अजून कळवलेलं नाही.