खातं तिचं, मोबाईल नंबर कुणाचा?

बायकोला मारत नाही, शिव्या देत नाही, घरात काही कमी पडू देत नाही, अशा माणसाला आपल्याकडे चांगला नवरा म्हणतात. बहुतेक वेळा तो असतोही. पण तालुक्याच्या गावी बँकेच्या काउंटरमागे नोकरी संपवल्यावर मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. घरात एकाने दुसऱ्याला मुठीत ठेवलं आहे का, हे भांडणाच्या आवाजावरून कळत नाही. पैसा कोणत्या वाटेने जातो हे बघितलं की कळतं. खात्याला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय? एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आहे? पिन कुणाला पाठ आहे?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका जेवणाच्या सुट्टीत यायच्या. पगार दरमहा त्यांच्याच खात्यात जमा होई. त्या हळू आवाजात म्हणायच्या, "मॅडम, किती शिल्लक आहे तेवढं सांगा. पासबुक भरू नका." पासबुकावर नवी नोंद उमटली असती, तर ते कुणी आणि कशाला भरून आणलं, याचा जाब संध्याकाळी द्यावा लागला असता. कार्ड नवऱ्याकडे आणि मेसेज त्याच्याच फोनवर. रोज जायच्या-यायच्या एसटीचे पैसे तो मोजून हातावर ठेवायचा. त्यांना कुणी मारहाण केली नव्हती. त्यामुळे आपल्यावर अन्याय होतोय असं म्हणायलाही त्या कचरायच्या. "आमचे हे सगळं बघतात," हे वाक्य मी बायकांच्या तोंडून फार ऐकलं. कुणी ते निश्चिंतपणे म्हणे, कुणाची म्हणताना मान खाली जाई.

या सगळ्याची सुरुवात बहुधा मायेनेच होते. लग्न होतं, नाव बदलतं, केवायसीची कागदपत्रं नव्याने द्यावी लागतात. "तू कशाला रांगेत उभी राहतेस," म्हणून फॉर्म नवरा किंवा सासरे भरतात आणि मोबाईल नंबरच्या रकान्यात आपला नंबर टाकतात. ती सही करते. त्या दिवसापासून तिच्या पैशाची प्रत्येक हालचाल आधी दुसऱ्याला कळते. ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातो. कुणी कट रचलेला नसतो, म्हणूनच हे कुणाला खुपत नाही. पुढे माहेरी हजार रुपये पाठवायची वेळ आली, की आपण परवानगी मागतोय हे तिच्या लक्षात येतं.

2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी बँकेत गर्दी उसळली. त्या वेळी खात्याला आधार जोडताना किती जणींच्या खात्यावर दुसऱ्याचाच नंबर आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. महिन्याचे पंधराशे म्हणजे मोठी रक्कम नव्हे. तरी काही जणींनी त्यासाठी स्वतःचं वेगळं खातं उघडलं आणि स्वतःचा नंबर दिला. योजनेबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्या नंबरचं मोल मला पंधराशेपेक्षा जास्त वाटलं.

संसारात माझं-तुझं कसलं, असं मला हमखास ऐकवलं जातं. व्यवहार एकाने बघायला माझी हरकत नाही. माझ्या घरी विमा आणि कर भरायचं काम हेच बघत आले. प्रश्न एवढाच, की दुसऱ्याने मागितलं तर कारण न विचारता मिळतं का? आणि दुसऱ्याने कशाला "नाही" म्हटलं तर पुढे काय होतं? नकारानंतर अबोला, मुलांवर राग, "माहेरी जा" अशी भाषा येत असेल, तर तिथे व्यवस्था संपून हुकूमत सुरू झालेली असते. कुठे आहेस म्हणून सतत फोन, मैत्रिणींकडे जायला मनाई, माहेरचा संपर्क तोडणं, पैशाच्या बाबतीत अविश्वास, हे सगळं त्याच हुकूमतीतलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रश्न विवाहित स्त्रियांना विचारले जातात. सरकार ज्याची नोंद घेतं, त्याला घरात आपण काळजी म्हणून सोडून देतो.

कायदाही इथे गप्प नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही हिंसाचारच धरला आहे. हक्काचा पैसा किंवा स्त्रीधन अडवून ठेवणं त्यात येतं. संयुक्त खातं किंवा लॉकर न्यायालयाच्या परवानगीशिवाय वापरू नये, असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. स्त्रीधनावर नवऱ्याचा मालकी हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तरीही बायकोचं मंगळसूत्र आणि पाटल्या सोनेतारणाला नवऱ्याच्या नावावर ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. दागिने सोडवायची पावती त्याच्याच नावाची असते.

बायकांपुरतंच हे नाही. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्त माणसं बँकेत येत. त्यातली काही आम्हाला वर्षातून तेवढ्याच दिवशी दिसायची. एक आजोबा मुलाकडे बघितल्याशिवाय "चहा घेणार का?" याचंही उत्तर देत नसत. पेन्शन त्यांची, कार्ड मुलाकडे. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलाला बक्षीसपत्र करून दिलं आणि त्याने सांभाळ केला नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. प्रांत कार्यालयात ही दाद मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ज्या बाईला हे वाचून आपलीच गोष्ट वाटते, तिला मला काळजीने सांगायचं आहे की घाई करू नका. जुन्या खात्याचा नंबर एकाएकी बदलला, तर नवऱ्याच्या फोनवर मेसेज यायचे थांबतात आणि त्याला लगेच कळतं. मूठ सुटतेय असं वाटलं की आजवर हात न उचललेला माणूसही उचलू शकतो. आधी दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात खातं उघडा, पासबुक विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आधार, सेवापुस्तक आणि दागिन्यांच्या पावत्यांच्या प्रती काढून ठेवा. सरकारी योजनेचे पैसे आधार शेवटी ज्या खात्याशी जोडलं तिथे जातात, हे ध्यानात ठेवूनच जोडणी बदला. धोका वाटत असेल तर आधी 181 वर बोला किंवा संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

आणि बँकेत अजून खुर्चीवर असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, नवरा-बायको फॉर्म घेऊन समोर बसले की मोबाईल नंबरचा रकाना तिला स्वतःला भरू द्या. सोनेतारणाच्या कागदावर सही घेण्याआधी, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन मुलगा आला तर पैसे देण्याआधी, सोबतच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा आणि ज्याचं खातं आहे त्याच्याशी एकट्याशी बोला. त्यासाठी वरून परिपत्रक यायची वाट बघू नका.