विश्लेषण : सोयाबीन ‘जीएम’ आहे की नाही, हे लातूर-नांदेडला कोण मोजून देणार?

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव ठरताना ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे पाहिले जातात. दाण्यात कोणते जनुक आहे, हे कुणी विचारत नाही. आजवर तशी गरजही नव्हती, कारण जनुकीय सुधारित म्हणजेच जीएम सोयाबीनच्या लागवडीला देशात परवानगीच नाही. मात्र आयातीचा वाढता दबाव आणि अनधिकृत बियाण्यांचा जुना अनुभव पाहता हा प्रश्न आडतीपर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही. तो पोहोचण्याआधी मोजण्याची व्यवस्था उभी राहिली नाही, तर संशयाची किंमत शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापली जाईल.

सध्याचा कायदा काय सांगतो?

भारतात व्यावसायिक लागवडीत असलेले जीएम पीक एकच, २००२ मध्ये मंजूर झालेला बीटी कापूस. जीएम मोहरीला २०२२ मध्ये सशर्त मान्यता मिळाली, पण ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकले. सोयाबीनच्या कोणत्याही जीएम वाणाला लागवडीची मुभा नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार अशा बियाण्याची आयात, साठवण आणि वापर यासाठी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची पूर्वपरवानगी लागते.

तेलाचा हिशेब मात्र वेगळा आहे. जीएम सोयाबीनपासून काढलेल्या तेलाची आयात अनेक वर्षांपासून सुरू आहे. अर्जेंटिना, ब्राझील येथून येणारे तेल मराठवाड्यातल्या कढईतही पडतेच. अन्नधान्याच्या आयातीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ पासून २४ पिकांना ‘जीएममुक्त’ प्रमाणपत्राची अट घातली. त्यात सोयाबीन आहे आणि अनवधानाने झालेल्या मिसळीची मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे बंदरावरच्या मालासाठी आकडा ठरलेला आहे. शिवारातल्या मालासाठी मात्र ‘परवानगी नाही’ एवढेच उत्तर आहे.

मराठवाड्याला याची झळ कशी बसते?

२०२१ चा हंगाम आठवावा. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजार रुपयांच्या आसपास गेले. कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. आयातीचा निर्णय आणि नवी आवक यांपैकी कशाचा वाटा किती, यावर वाद होऊ शकतो. पण शेतकऱ्याच्या मनात ‘जीएम’ हा शब्द तेव्हापासून भावाशी जोडला गेला आहे.

त्यानंतर २०२५ मध्ये नीती आयोगाच्या एका कार्यपत्रिकेने अमेरिकेतून जीएम सोयाबीन आणून किनाऱ्यालगतच गाळायचे, तेल देशात विकायचे आणि पेंड निर्यात करायची, असा पर्याय मांडला. टीकेनंतर ती पत्रिका मागे घेतली गेली, तरी कल्पना चर्चेत राहिली. अमेरिकेतील ९० टक्क्यांहून अधिक सोयाबीन जीएम आहे. उलट भारतीय सोयापेंडीची परदेशातली ओळखच ‘नॉन-जीएम’ ही आहे. युरोपीय संघात ०.९ टक्क्याहून जास्त अंश आढळला, तर लेबलवर तसे लिहावे लागते. ही ओळख टिकवायची तर ती कागदावर सिद्ध करता आली पाहिजे.

प्रयोगशाळेत नेमके काय तपासतात?

पहिली पद्धत पट्टीची. दाणे दळून पाण्यात कालवायचे आणि त्यात पट्टी बुडवायची. तणनाशक सहन करणाऱ्या वाणात तयार होणारे विशिष्ट प्रथिन असेल तर काही मिनिटांत रेघ उमटते. ही तपासणी बाजार समितीतही करता येते. मर्यादा अशी की, पट्टी ज्या प्रथिनासाठी बनवली आहे तेच ती ओळखते. शिवाय उष्णतेने प्रथिन बिघडते, त्यामुळे भाजलेल्या किंवा प्रक्रिया केलेल्या मालावर तिचा भरवसा नाही.

दुसरी पद्धत पीसीआर, कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेली. यात डीएनएचा ठरावीक तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवून शोधला जातो. आधी सोयाबीनचे स्वतःचे लेक्टिन जनुक सापडते का ते पाहतात. ते सापडले नाही तर नमुन्यातला डीएनएच खराब आहे, असे समजायचे. मग बाहेरून घातलेल्या जनुकाच्या खुणा शोधतात. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए जवळपास उरत नाही. म्हणून तेलाची बाटली तपासून ते कोणत्या दाण्याचे, हे खात्रीने सांगता येत नाही. तपासणी करायची ती दाण्याची किंवा पेंडीची.

‘निगेटिव्ह’ अहवालावर विश्वास ठेवावा का?

कोणती चाचणी केली, हे पाहिल्याशिवाय नाही. प्राथमिक तपासणीत सहसा दोन खुणा शोधतात : फ्लॉवरच्या मोझॅक विषाणूतून घेतलेला ‘३५-एस’ आणि जमिनीतल्या एका जीवाणूतून घेतलेला ‘नॉस’. अमेरिकेत १९९६ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या जीएम सोयाबीनमध्ये या दोन्ही खुणा आहेत. मात्र त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीतील ‘मॉन ८९७८८’ या वाणप्रकारात दोन्ही नाहीत. फक्त या दोन खुणा शोधणारी प्रयोगशाळा त्याला ‘निगेटिव्ह’ ठरवील आणि अहवाल तांत्रिकदृष्ट्या खोटाही नसेल. म्हणून ‘जीएम नाही’ एवढे वाक्य निरुपयोगी आहे. काय शोधले आणि किती टक्क्यांपर्यंत शोधता आले असते, हे अहवालात लिहिणे बंधनकारक हवे.

मूठभर दाणे पुरेसे का नाहीत?

दहा टनांच्या ट्रकमध्ये सोयाबीनचे साधारण आठ कोटी दाणे असतात. त्यात १ टक्का जीएम दाणे असतील आणि ते ९५ टक्के खात्रीने सापडायचे असतील, तर किमान २९९ दाणे तपासावे लागतात. मिसळ ०.१ टक्का असेल तर सुमारे तीन हजार, म्हणजे अंदाजे ३५० ग्रॅम. आणि हे दाणे ट्रकच्या वरच्या पोत्यातले नव्हे, तर सगळीकडून बंबी मारून काढलेले हवेत. पन्नास दाण्यांवरचा अहवाल कितीही महागड्या यंत्रातून आला, तरी तो अंदाजच.

मिसळ होते कुठून?

सोयाबीन स्वपरागीभवन करणारे पीक आहे. शेजारच्या शेतातून परागकण येऊन होणारा संकर साधारणपणे १ टक्क्याहूनही कमी. त्यामुळे खरी वाट बियाण्याची, मळणी यंत्राची आणि पोत्यांची. मराठवाड्यात घरचे बियाणे राखण्याची पद्धत मोठी आहे आणि कृषी विभागही तिला प्रोत्साहन देतो. ती खर्च वाचवते. पण एखाद्या बॅगेत चुकीचे बियाणे आले, तर पुढच्या हंगामात तेच बियाणे गावभर पसरते.

गुजरातच्या अरवली जिल्ह्यात २०१७ मध्ये अनधिकृत जीएम सोयाबीनची तक्रार झाली होती. तणनाशक-सहनशील कापसाचे बेकायदा बियाणे तर महाराष्ट्र आणि तेलंगणात अनेक हंगाम विकले गेले. तेलंगणाला खेटून असलेल्या नांदेडला हे नवे नाही. बियाण्यावरचे नियंत्रण किती ढिले असू शकते, हे २०२० च्या खरिपाने दाखवले. सोयाबीन उगवलेच नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जिथे उगवणशक्तीची साधी तपासणी अपुरी पडली, तिथे जनुकाच्या तपासणीची काय कथा?

खर्च कुणी उचलायचा?

येथे भूमिका स्पष्ट हवी. पाच क्विंटल घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडून प्रमाणपत्र मागणे अन्यायाचे आहे. ओलाव्याचे उदाहरण समोर आहे. हमीभाव खरेदीत १२ टक्क्यांच्या अटीमुळे माल परत जात होता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर अनेकांनी पडत्या भावात माल विकून टाकला होता. जीएम चाचणीही उद्या अशीच माल नाकारण्याचे निमित्त ठरू शकते.

म्हणून तपासणी साखळीच्या वरच्या टोकाला व्हावी. बियाणे कंपनीने लॉट विकण्याआधी, आयातदाराने बंदरावर आणि निर्यातदाराने कारखान्यात ती करावी व खर्चही त्यांनीच सोसावा. बियाणे कायद्यात नमुन्याचे तीन भाग करून एक संबंधिताकडे ठेवण्याची तरतूद आहेच. तीच शिस्त येथे लावावी, म्हणजे अहवालाला आव्हान देता येईल. मान्यताप्राप्त राष्ट्रीय प्रयोगशाळा दिल्ली, हैदराबादसारख्या शहरांत आहेत. पेरणीच्या पंधरा दिवसांत तिथून अहवाल येण्याची वाट पाहणे शेतकऱ्याला परवडत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे मनुष्यबळ आणि विभागभर संशोधन केंद्रे आहेत. पट्टीची चाचणी तालुका पातळीवर आणि पीसीआर विद्यापीठात, अशी दोन पायऱ्यांची रचना करावी आणि निकाल लॉट क्रमांकासह जाहीर करावेत.

जीएम हवे म्हणणाऱ्यांचे काय?

शेतकरी संघटनेने २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात बंदी असलेला कापूस उघडपणे लावून तंत्रज्ञान स्वातंत्र्याची मागणी केली. निंदणीची वाढती मजुरी पाहता ती मागणी हसण्यावारी नेता येणार नाही. जगभरचा शेतकरी जे वापरतो ते इथे बंद आणि त्याच तंत्राचे तेल, पेंड मात्र आयात, ही विसंगतीही खरीच. पण उद्या परवानगी मिळाली, तरी अस्सल आणि बनावट बियाणे ओळखायला हीच चाचणी लागेल आणि ज्यांना नॉन-जीएम माल विकायचा आहे त्यांना तो वेगळा ठेवायलाही हीच.

जीएम असावे की नसावे, हा वाद दिल्लीत आणखी काही वर्षे चालेल. तोवर लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला निदान आपण काय पेरतो आणि काय विकतो, हे कळण्याचा हक्क आहे. तो हक्क देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची किंवा कोणत्याही व्यापार कराराची वाट पाहावी लागत नाही.