डिप्लोमानंतर पुढे काय?

मुलींनो, आणि मुलांनो तुम्हीसुद्धा, बारावीनंतरचा ३ वर्षांचा जी.एन.एम. नर्सिंग डिप्लोमा हाती आला की घरचे म्हणतात, "आता नोकरी कर, शिक्षण पुरे!" नोकरी जरूर करा; पण शिक्षण पुरे, हे मला पटत नाही. नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही पदवी २ वर्षांत मिळवता येते. वर्षभराचा अनुभव असेल तर पुढे एम.एस्सी.ही करता येते आणि नर्सिंग कॉलेजात शिकवता येते. या पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकमध्ये आहे, दिंडोरी रोडला. कॉलेज त्याच्याशी संलग्न आहे का, हे फी भरण्याआधी विचारा. अब्बांना सोबत न्या, पण प्रश्न तुम्हीच विचारा.