फिजिओथेरपीचे उच्चशिक्षण : परीक्षा हवीच, पण कशाची?

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया एका दुपारी उरकते. त्या नव्या गुडघ्यावर जिना चढता यावा म्हणून पुढचे कित्येक आठवडे घाम गाळावा लागतो, आणि तो गाळून घेणारा माणूस सर्जन नसतो, फिजिओथेरपिस्ट असतो. पक्षाघाताचेही तेच. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून रुग्ण आणले जातात. डॉक्टर जीव वाचवतात, सुटीचा कागद मिळतो, आणि घरी गेल्यावर खाटेवर बसता येत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही हे कुटुंबाच्या लक्षात येते. तिथून पुढचे काम ज्यांचे, त्या तज्ज्ञांना आणि त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांना घडवणारा अभ्यासक्रम म्हणजे ‘एमपीटीएच’, फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी. तिच्या दारात कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. वैद्यकीयच्या पदव्युत्तर प्रवेशात एक फेरी लांबली तरी बातमी होते. फिजिओथेरपीच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

सध्याची वाट अशी आहे. बारावीला विज्ञान, त्यात जीवशास्त्र, मग ‘नीट’. महाराष्ट्रात ‘बीपीटीएच’चे प्रवेश गेली काही वर्षे ‘नीट’च्या गुणांवर, राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. चार वर्षे अभ्यास, सहा महिने आंतरवासिता, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली इंटर्नशिप. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. त्यानंतर २००२ च्या राज्य कायद्याने आलेल्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी. इतके झाल्यावर पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा सीईटी कक्षाचीच ‘पीजीपी-सीईटी’, तिची गुणवत्ता यादी, आणि मग कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्यांत महाविद्यालय व शाखा यांचा पसंतीक्रम. अस्थी-स्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन, सामुदायिक अशा शाखांतून एक निवडायची. विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘मस्क्युलो’, ‘न्यूरो’, ‘कार्डिओ’, ‘कम्युनिटी’.

कागदावर हे सरळ दिसते. अडखळायला होते ते कागदपत्रांपाशी. इंटर्नशिप ठरावीक तारखेपर्यंत पुरी झालेली असावी लागते. शेवटच्या वर्षी एखादा विषय राहिला आणि तो पुरवणी परीक्षेत सुटला, की इंटर्नशिप तेवढी पुढे सरकते आणि कट-ऑफ तारीख हातून जाते. एका विषयाची किंमत अशी एका वर्षाने मोजावी लागते. वर्ष वाया जाऊ नये म्हणून मग मुले एखाद्या खासगी क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर राबतात आणि रात्री सीईटीचा अभ्यास करतात. राखीव जागेवरच्या विद्यार्थ्याला जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेत हवे. मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. इथले जुने दस्तऐवज निजामकाळातले, बरेचसे उर्दू आणि मोडीतले. ते शोधून, वाचून घेऊन जात पडताळणी समितीपुढे ठेवायचे तर घरातल्या कोणाला तरी तहसीलच्या खेपा माराव्या लागतात. इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींना रुग्णालयातून सुटी काढून हे करणे जमत नाही. आमचा सल्ला साधा आहे : वैधता प्रमाणपत्राची फाइल पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच हलवावी, सीईटीचा अर्ज निघेपर्यंत थांबू नये.

आपल्या छत्रपती संभाजीनगरपुरती एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. सिडकोतल्या एमजीएम परिसरात फिजिओथेरपीचे शिक्षण मिळते, पण ती संस्था नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या एमजीएम आरोग्य विज्ञान संस्थेची, म्हणजे अभिमत विद्यापीठाची. अभिमत विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया आणि शुल्क राज्याच्या सीईटी-कॅपच्या आणि शुल्क नियामक प्राधिकरणाच्या चौकटीबाहेर असते. म्हणजे गारखेड्यात राहणाऱ्या मुलीला घराजवळ शिकायचे तर एक अर्ज, आणि राज्यातल्या इतर महाविद्यालयांसाठी दुसरा. वेळापत्रके वेगळी, माहितीपुस्तिका वेगळ्या, अनामत रकमा वेगळ्या. संस्थेच्या दर्जाबद्दल आमची तक्रार नाही. कायद्याने दिलेली मुभा ती वापरते. पण एकाच पदवीसाठी, एकाच व्यवसायासाठी दोन दारे असू नयेत. वैद्यकीयच्या पदव्युत्तर प्रवेशात अभिमत विद्यापीठांनाही राष्ट्रीय परीक्षेचेच गुण घ्यावे लागतात आणि समुपदेशन केंद्रीय असते. फिजिओथेरपीला तोच नियम का नको, याचे पटण्याजोगे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

विभागाच्या कोट्याचा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के राज्यभरासाठी, हे पदवी प्रवेशाचे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. ते रद्द व्हावे म्हणून मराठवाड्यातूनच जोर होता, कारण महाविद्यालये मुळात कमी असलेल्या भागाला स्वतःच्या विभागात कोंडून ठेवणारा कोटा तोट्याचाच ठरतो. आता इथली मुले पुण्या-मुंबईत जाऊ शकतात. ती शिकून परत येतील की नाही, हे इथे शिकवणाऱ्यांची पदे किती भरली जातात यावर ठरेल.

मूळ मुद्दा मात्र परीक्षेचा आहे. बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा स्वस्त, जलद आणि निःपक्ष असते; हजारो उमेदवारांची चाळण करायला तिच्याइतके सोयीचे साधन नाही. ती काय मोजते, हे पाहायला हवे. खांद्याचा अमुक स्नायू कोणत्या मज्जातंतूवर चालतो, हा प्रश्न पाठांतराने सुटतो आणि सुटलाही पाहिजे. शरीररचना न येणाऱ्याच्या हाती रुग्ण देऊ नये. पण दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारून पाहू. समजा, पैठण तालुक्यातला साठीचा शेतकरी आहे. पक्षाघाताला तीन आठवडे झाले, डावी बाजू लुळी, आधाराशिवाय बसता येत नाही. डाव्या पायाची ताकद शून्य ते पाचच्या मोजणीत दोन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा भार काढला तर पाय हलतो, उचलता येत नाही. मधुमेह आहे, डावा खांदा दुखतो. घराला उंच उंबरा आहे, शौचालय उकिडवे बसण्याचे आहे, सांभाळायला सून एकटी. आठवड्यातून एकदाच शहरात येणे शक्य. पहिल्या महिन्यात कशावर भर द्याल, आणि सुनेला कोणत्या दोन गोष्टी शिकवाल? दुखरा खांदा धरून रुग्णाला उठवू नये, हे तिला पहिल्या दिवशी सांगणारा विद्यार्थी आणि न सांगणारा विद्यार्थी यांत जो फरक आहे, तो आजच्या गुणपत्रिकेत उमटत नाही. हा प्रश्नही चार पर्याय देऊन, संगणकावर विचारता येतो. मात्र तो रचायला रुग्ण पाहिलेला प्राध्यापक बसवावा लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

अमेरिकेतली पद्धत अनेकदा उदाहरण म्हणून पुढे केली जाते. तिकडे फिजिओथेरपी बारावीनंतर सुरूच होत नाही. आधी चार वर्षांची कोणतीही पदवी, त्यात शरीररचना, शरीरक्रिया, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र हे ठरलेले विषय, आणि मग तीन वर्षांची ‘डीपीटी’, म्हणजे व्यावसायिक डॉक्टरेट. बहुतेक अर्ज एका मध्यवर्ती सेवेतून जातात. काही विद्यापीठे अजून जीआरई मागतात, पुष्कळांनी ती सोडली. लक्षात घेण्याजोगी अट निराळीच आहे : अनेक विद्यापीठे अर्जदाराने परवानाधारक फिजिओथेरपिस्टच्या शेजारी उभे राहून किती तास काम पाहिले, त्याची सही-शिक्क्यानिशी नोंद मागतात. या व्यवसायात दिवसभर काय करावे लागते, हे आत येण्याआधी पाहून या, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘एमबीबीएस हुकले, बीडीएस नको, मग फिजिओ’ या उतरंडीने आलेली मुले पहिल्या वर्षभर आपण कुठे आलो हेच समजून घेत असतात. त्यातली कित्येक पुढे उत्तम फिजिओथेरपिस्ट होतात, हे त्यांचे श्रेय, प्रवेशपद्धतीचे नव्हे.

म्हणून अमेरिकेची नक्कल करावी, असे आम्हाला वाटत नाही. शिफारसपत्रे, मुलाखत, स्वतःबद्दलचा निबंध या गोष्टी आपल्या मातीत कशा रुजतील, याची कल्पना कोणालाही करता येईल. प्रवेश गुणवत्ता यादीवर आणि ऑनलाइन फेऱ्यांत आले, त्यामागे संस्थाचालकांच्या केबिनमध्ये ठरणाऱ्या जागांचा कटू अनुभव आहे. मुलाखतीला पन्नास गुण ठेवले की ते कोणाच्या पारड्यात पडतील, हे हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या मुलीला आधीच ठाऊक असते. महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणांचीही तीच गत. परीक्षा हवीच, आणि ती एकच हवी. बदल प्रश्नपत्रिकेत व्हावा. निम्मे प्रश्न तरी वर दिला तसे, रुग्णाच्या हकिकतीवर बेतलेले असावेत. इंटर्नशिपमध्ये कोणत्या विभागात किती काळ काम केले, याची विद्यापीठाने तपासलेली नोंद ही गुणांसाठी नव्हे, पात्रतेसाठी सक्तीची असावी. अतिदक्षता विभागात पाऊलही न ठेवलेल्या विद्यार्थ्याने ‘कार्डिओ’ शाखा मागावी, हे थांबायला हवे. तसेच, पुरवणी परीक्षेतून सुटणाऱ्यांसाठी इंटर्नशिपची कट-ऑफ तारीख आणि पदव्युत्तर वर्षाची सुरुवात यांचा मेळ एकदाच घालून जाहीर करावा.

परदेशाचा उल्लेख झाला म्हणून एक इशारा. ‘एमपीटीएच’ केले की अमेरिकेत थेट काम मिळते, असे सांगणारे सल्लागार शहरात भेटतात. तसे नाही. तिथे भारतीय पदवीचे विषयवार मूल्यमापन होते, कमी पडणारे विषय भरून काढावे लागतात, मग राष्ट्रीय परवाना परीक्षा आणि त्या त्या राज्याचा परवाना. ब्रिटनमध्येही नोंदणीशिवाय ‘फिजिओथेरपिस्ट’ हे नाव लावणे गुन्हा आहे. ज्याला जायचे आहे त्याने आपल्या पदवीचा तपशीलवार अभ्यासक्रम आणि क्लिनिकल तासांची नोंद विद्यापीठाकडून आताच घेऊन ठेवावी. दहा वर्षांनी ती मिळवताना नाकी नऊ येतात.

आपल्या देशात हा व्यवसाय सुरू झाला तो गरजेपोटी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली आणि लुळी पडलेली मुले उभी करायला हात कमी पडले. तेव्हा केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. तिच्या थोडे आधी, १९५० मध्ये, त्याच रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली होती. जन्माने अमेरिकन, सून मराठी घरची. सत्तर वर्षांनंतरही सर्वसामान्यांच्या लेखी फिजिओ म्हणजे शेक आणि मालीश, ही खंत या क्षेत्रातले लोक बोलून दाखवतात. ऊस तोडून मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बीडच्या बाईची मान आणि वाळूजच्या कारखान्यात एकच हालचाल पाळीभर करणाऱ्या कामगाराचा खांदा, हे दोन्ही सामुदायिक फिजिओथेरपीचे विषय आहेत. पण पसंतीक्रमात ही शाखा वर नसते, कारण तिच्यात क्लिनिक चालत नाही आणि सरकारी नोकरी निघत नाही. पदे निर्माण केल्याशिवाय प्रवेशाच्या कोणत्याही नियमाने हे बदलणार नाही.

केंद्रात २०२१ चा सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा झाला. त्याखालच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये नवा अभ्यासक्रम जाहीर केला : पदवी पाच वर्षांची, त्यातले शेवटचे पूर्ण वर्ष इंटर्नशिपचे, आणि २०२६-२७ पासून देशभर ‘नीट’ सक्तीची. वर्षभराची इंटर्नशिप हा यातला सर्वांत मोलाचा बदल आहे. दुर्दैवाने त्या वर्षी गाजले ते वेगळेच. फिजिओथेरपिस्टने नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही, यावर आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला मनाईचे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. उपाधीवर इतकी शाई सांडली. त्यातली थोडी जरी पदव्युत्तर प्रवेशाच्या नियमांवर सांडली असती, तरी बरे झाले असते.

राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने, आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि सीईटी कक्षाने एकत्र बसून आता तीन गोष्टी ठरवाव्यात : अभिमत विद्यापीठांसह एकच परीक्षा, रुग्णावर बेतलेली प्रश्नपत्रिका, आणि जुन्या साडेचार व नव्या पाच वर्षांच्या पदवीधारकांना एकाच यादीत कसे धरायचे याचा लेखी नियम. २०२६ मध्ये पाच वर्षांच्या पदवीला प्रवेश घेणारी पहिली तुकडी २०३१ मध्ये पदव्युत्तर परीक्षेला बसेल. नियम त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत छापून चालणार नाही. तो या मुलांना पदवीच्या पहिल्याच वर्षी माहीत असला पाहिजे.